काडीचं माप

"पोरी, सकाळचा पाय पाहुणा, संध्याकाळचा पाय घरचा. माप घ्याचं असंन तं घरच्याचं घे." तेल्हाऱ्याच्या बाजारात जोडे घेताना रागिणीचे वडील, खुशालराव, असं म्हणायचे. तो आवाज तिच्या कानात अजून होता. म्हणूनच दहा तास उभ्यानं शर्ट तपासून ती वलगावच्या घरी आली आणि सुजलेला पाय तसाच ओसरीवर टेकवला. नवरा देवीदास खाली बसला. त्यानं घरच्या रिवाजाप्रमाणे टाचेपासून अंगठ्यापर्यंत कापसाच्या पऱ्हाटीची काडी धरली, टोकाशी कडकन मोडली आणि कोनाड्यात ठेवली.

जोडे हवेच होते. तिच्या नांदगाव पेठच्या कारखान्यात सोमवारपासून चप्पल घालून येणारीला फाटकातूनच माघारी धाडणार होते. रागिणीला सुट्टी नव्हती. शनिवारी देवीदासच काडी घेऊन अमरावतीला गेला.

जोडा आला तो कसा! वजनाला फूल, आतून सरकी काढलेल्या कापसासारखा मऊ. रागिणीचा पाय हौसेनं आत शिरला. टाच मात्र दारात अडलेल्या म्हशीसारखी बाहेरच राहिली.

"जोर लाव ना."

"कुठं लावू? पाय हाये माहा, कापसाचा बोरा नाई दाबून भरायले!"

"मंग काडीबरोबर कसा घेतला म्या?"

रविवारी देवीदास जोडा आणि काडी घेऊन पुन्हा दुकानात. दुकानदार धम्मदीपनं काडी जोड्यात ठेवली. काडी सुखानं निजली.

"दादा, काडी खरी, जोडाबी खरा," तो म्हणाला. "आता वहिनीचा पाय तेवढा तपासून घ्या."

संध्याकाळी पाय तपासला. काडीपेक्षा दोन बोटं लांब! शेजारच्या माणिकबाई धावत आल्या. "सिमिटावर उभं राहून पाय पसरते, माय."

"दोन दिसात दोन बोटं?" रागिणी म्हणाली.

"तुह्या कारखान्यात ओव्हरटाइम असते ना!"

देवीदासला ते पटलंसुद्धा. त्यानं दुसरा पायही मोजला. सासू मनकर्णाबाई मात्र गप्प. एरवी कढीत मीठ किती इथपासून कलेक्टरनं काय करावं इथपर्यंत त्यांचं मत तयार असे. आज त्या निवडलेली मेथी पुन्हा निवडत होत्या.

"चाल," देवीदासनं गाडीला किक मारली. "दुकान आठपर्यंत उघडं हाये. आता काडीबिडी नाई, पायच घेऊन जाऊ. हा जोडा बदलून आणू."

रागिणीनं जोडा पिशवीत टाकला. तोच मनकर्णाबाईंचा हात पिशवीवर आला.

"तो राहू दे घरी."

"काहून, माय? कोनाले होते तो?" देवीदासनं विचारलं.

मनकर्णाबाईंनी पदराला हात पुसले, जोडा काढला आणि हळूच पाय घातला. टाच अल्लाद आत गेली. माणिकबाईंचं तोंड उघडं ते उघडंच. गाडी उगीच फटफटत होती. देवीदासनं ती बंद केली.

"काडी म्या बदलली, माह्या पायाची ठेवली," मनकर्णाबाई जोड्याकडेच पाहत म्हणाल्या. "मले वाटलं, तुले नाई झाला म्हंजे तूच म्हणशीन, 'आई, घाला तुमी.' त्या फाटकाचं मले ठावंच नवतं वं."

"आई, मंग सांगाचं ना सरळ!" रागिणी म्हणाली.

"काय सांगू? तीस वर्सं झाले, बाजारात उभ्यानं भाजी इकून राहिली. कोनी इचारलंच नाई." त्यांनी पाय जोड्यातून काढला नाही. "माहे पायबी लय दुखतेत, सूनबाई."