चार भोकांचा तह

"सभ्यपणा हेच संपादकाचं खरं शस्त्र!" टेलरमास्तरांनी घरात जाहीर केलं, आणि हे नीट ऐकू जावं म्हणून बायकोचा चालू टीव्ही फटकन बंद केला.

"बरं. मला एक काम होतं," ती म्हणाली.

"नंतर!"

दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून मास्तर इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात हौसेने लेख लिहीत. त्यांचा 'बटण' हा लेख उद्या मुखपृष्ठावर झळकणार होता. व्याह्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना वर्दी गेली होती. अडचण एकच. 'चार भोकांचं बटण फुलीत शिवावं' असं मास्तरांनी लिहिलं, की 'शांतिदूत' नावाचा कुणी संपादक ते खोडून 'दोन सरळ रेघांत शिवावं' असं करी. शेवटी प्रचालकाने, म्हणजे तिथल्या हेडमास्तरने, दोघांना दम भरला : आज मिटवा, नाहीतर लेख मुखपृष्ठावरून काढतो!

"मी माघार घेतो," मास्तर म्हणाले.

"तुम्ही?" बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

मास्तरांनी खरंच फुली खोडली, रेघा घातल्या आणि चर्चापानावर लिहिलं, "आदरणीय, आपलंच खरं." मग लग्नात सत्कार झाल्यासारखे ते जेवायला बसले.

हात धुऊन बघतात तर लेखात फुली! खाली शांतिदूताचा निरोप : "छे छे, आदरणीय, आपलंच खरं."

"चेष्टा करतोय की काय?"

"अहो, मान देतोय तो!"

"मग मी काय कमी देईन?" मास्तरांनी पुन्हा रेघा घातल्या. "आपण ज्येष्ठ!" पलीकडून फुली आली. "आपण श्रेष्ठ!" इकडून रेघा. "लाजवू नका!" फुली. मास्तर गोंधळून बायकोकडे वळले.

"अगं, मी नक्की कुणाच्या बाजूने आहे?"

"सकाळी फुलीच्या होतात."

"मग फुली कोण घालतंय?"

"तो."

"म्हणजे मी जिंकलो?"

"मग खोडताय कशाला?"

"माझी माघार नाकारणारा हा कोण लागून गेला!" मास्तर कडाडले आणि त्यांनी रेघा ठोकल्या.

पडद्यावर लाल चौकट आली. 'सतत एकमेकांचं लेखन खोडल्याबद्दल दोन्ही सदस्यांना आठवडाभर बंदी. उद्या मुखपृष्ठावर बटणाऐवजी "चेन" हा लेख येईल.'

चेन! उभ्या आयुष्यात मास्तरांनी जिला कपड्यात मानलं नाही, ती! आता व्याह्यांना काय तोंड दाखवायचं? ते खुर्चीत मापाची टेप पडावी तसे पडले.

बायकोने सकाळपासून काखेत धरलेला शर्ट त्यांच्या मांडीवर ठेवला.

"आता रिकामेच आहात, तर हे तुटलेलं बटण तेवढं लावून द्या. कसंही लावा."