भित्र्यांच्या घोळक्यात

पडद्यावरच्या भित्र्यांच्या घोळक्यात स्वतःचा ठिपका दिसला आणि ड्वेन हॉगलंडच्या हातातला डोनट खाली पडला.

मिनेसोटातल्या त्या प्रयोगशाळेत रक्तावरून माणसाची कुठली जनुकं जागी आहेत ते पाहत, आणि त्यांचं जाळं मांडून त्याचा स्वभाव नि तब्येत ताडत. शांत, उतावळे आणि भित्रे असे घोळके पडत. भित्र्यांची हृदयं लवकर कुरकुरतात, असं प्रमुख डॉ. लोरेन पेटिबोन यांचं म्हणणं. नवं यंत्र तपासायला सगळ्यांनी स्वतःचंच रक्त दिलं होतं. कुणाचं कोणतं हे गुप्त ठेवायचं होतं. पण नळ्यांवर चिठ्ठ्या ड्वेननेच चिकटवलेल्या, त्यामुळे आपला नंबर त्याला पाठ होता.

गोठलेल्या तळ्यावर बेधडक ट्रक नेणारा हा गडी आता जिना उतरताना कठडा धरू लागला. बर्फावरची मासेमारी त्याने रद्द केली. बायकोने, नदीनने, गरमागरम हॉटडिश, म्हणजे मांस-बटाटे घालून भट्टीत भाजलेलं कालवण, पुढ्यात ठेवलं, तर हा त्याकडे विषाकडे पाहावं तसा पाहत राहिला.

"यात चीज किती घातलंस?"

"नेहमीइतकंच. का रे?"

"काही नाही. विम्याचे कागद कुठं असतात गं आपले?"

नदीनही घाबरली. घाबरल्यामुळे ड्वेनच्या छातीत धडधडे, आणि धडधडलं की तो आणखी घाबरे. त्यात डॉ. पेटिबोन! ज्यांची चाहूल लागताच माणसं कपाटाआड होत, त्या आठवडाभर सगळ्यांशी गोड बोलत होत्या. घरी केलेल्या लेमन बार्सचा ट्रे घेऊन आल्या आणि पहिली वडी ड्वेनला दिली. यांना कळलेलं दिसतंय, त्याच्या मनात आलं. मरणाऱ्या माणसाशीच लोक असं वागतात.

शेवटी न राहवून त्याने प्रयोगशाळेतल्या मार्सीला आपला नंबर दाखवला. आकडेमोड तिच्याकडे होती.

"हे तुझं रक्त?"

"हळू बोल ना!"

"अरे, बायकांमध्ये जागं असतं ते जनुक यात ठणठणीत चालू आहे."

"म्हणजे अजून एक आजार?"

"म्हणजे हे बाईचं रक्त आहे, शहाण्या!"

ड्वेनला आठवलं. फ्रीजरमधून काढताना दोन नळ्यांच्या चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या आणि त्याने त्या अंदाजाने परत लावल्या होत्या. त्याने मार्सीला कडकडून मिठी मारली. मग दुसरी नळी कुणाची तेही आठवलं, आणि मिठी सैल पडली.

"डॉक्टरांची. तू सांगतेस त्यांना?"

"तुझंच हृदय मजबूत निघालंय. तूच जा."

डॉ. पेटिबोन खोलीत गुणगुणत होत्या. "ये, ड्वेन. एक गंमत सांगू? मी चोरून माझा नंबर पाहिला. शांत घोळक्याच्या मधोमध! माझी आई हृदयविकारानं गेली ना, तेव्हापासून मी धास्तावलेलीच असायचे. या आठवड्यात कुठं नीट झोपले बघ."

ड्वेनने मनाशी तोललं. गप्प बसावं, तर या तपासून घ्यायच्या नाहीत. त्याने चिठ्ठ्यांचा सगळा घोळ सांगून टाकला आणि डोळे मिटून ओरड्याची वाट पाहिली. ओरडा आलाच नाही.

"आठवडाभर तू माझा निकाल घेऊन फिरत होतास?"

"हो."

"कसे काढलेस रे दिवस?"

"घाबरत."

"मग दार लाव आणि बस जरा इथं," त्या म्हणाल्या. "हृदयाच्या डॉक्टरांना फोन करायचाय. नंबर तू दाब. माझे हात थरथरतायत."