आधी सोय दाखवा

आमच्या गल्लीतले फौजदार कुणाच्याही घरी गेले की आधी संडास बघतात. पाणी नको, चहा नको, बसायला टाकलेली सतरंजी नको. दारात चपला काढतात, मिशीवरून बोट फिरवतात आणि म्हणतात, "आधी सोय दाखवा." नव्या माणसाला वाटतं, वय झालेलं माणूस आहे, घाईची लागली असेल. तो बिचारा लगबगीनं पुढं होऊन दार दाखवतो. फौजदार वापरायला जातच नाहीत. कडी आतून बसते का ते लावून बघतात, नळ सोडून बघतात, खिडकीतून बाहेरच्याला दिसतं का ते टाचा उंच करून बघतात. मग बाहेर येऊन निकाल देतात. "कडी ढिली हाय." नाहीतर, "चालंल."

मागं भाच्यासाठी ते करमाडला मुलगी बघायला गेले होते. ते घर माझ्या माहेरच्या भावकीतलं, म्हणून मला सगळं कळलं. मुलगी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली तेव्हा नवरदेवाचे मामा जागेवर नव्हते, परसात होते. परत येऊन मुलीच्या बापाला म्हणाले, "घर चांगलं हाय. फक्त टाकी वर पाहिजे व्हती." मुलीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ते लग्न काही जमलं नाही. मुलीच्या आजीनं मला निरोप धाडला, तुमच्या गल्लीत असली माणसं अजून किती हायेत ते आधी सांगत जा.

फौजदार म्हणायचं, पण ते फौजदारही नाहीत. हवालदाराचे सहायक फौजदार झाले आणि तिथंच निवृत्त झाले. निवृत्तीच्या दिवशी हार, नारळ, घड्याळ सगळं घरी आणलं, 'सहायक' तेवढं तिथंच विसरून आले. मिशी रंगवतात. रंग कोल्ह्याच्या शेपटीसारखा येतो, पण हे त्यांना कुणी सांगत नाही. अंगात मातकट रंगाची सफारी, खिशात शिट्टी. भाजीचा गाडा गल्लीत आडवा लागला की शिट्टी वाजते. भाजीवाला म्हणतो, "साहेब, तुमचीच मेथी काढायलोय." बायको वारली, दोन्ही मुलं पुण्याला. ती दिवाळीला फोन करतात. चितेगावकडच्या पाटलाघरचा माणूस, त्यामुळं घरात केर काढायला बाई, भांड्याला बाई. हे शिट्टी वाजवायला मोकळे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी 'खाकी आधार मंडळ' काढलं. पोलिसांच्या घरच्यांना आधार द्यायचा आणि ड्युटीवर असताना वारलेल्यांची आठवण ठेवायची, असं मंडळाचं काम. ऐकून पोलीस लाईनीतल्या बायकांना बरं वाटलं. त्यांना दुःखं काय कमी असतात? क्वार्टर गळतं, नवऱ्याला रजा मिळत नाही, सणाच्या दिवशी ताट वाढून ठेवायचं आणि झाकून टाकायचं. माझी लेक अर्चना नुकतीच पोलिसात भरती झाली होती, म्हणून मीही गेले. मारुतीच्या देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिली बैठक होती. बायका नटून आल्या होत्या.

फौजदारांनी आधी सगळ्यांना उभं केलं. "आपल्यातल्या कामी आलेल्यांना मानवंदना. दोन मिंटं." स्वतः टाचा जुळवून, छाती काढून, डोळे मिटून उभे राहिले. डोळे मिटलेल्या माणसाला घड्याळ कसं दिसणार? दोन मिनिटं झाली, आणखी दोन झाली असतील. एकीचं पोर रडायला लागलं. एकीचे गुडघे दुखत होते, ती भिंतीला टेकली. शेवटी एक म्हातारी आपली आपणच खाली बसली आणि तिच्याकडं बघून सगळ्याच बसल्या. फौजदारांनी डोळे उघडले तर सावधान ते एकटेच. म्हणाले, "कॉन्स्टेबल सुनीता." बस, एवढंच. दुसरं नाव नाही.

माझ्या शेजारची पुटपुटली, "ती कुठं शहीद झाली? दवाखान्यात गेली ती."

मग त्यांनी मंडळाचं काम सांगितलं. बंदोबस्ताला रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या पोरींसाठी वाटेवरच्या घरांतले संडास मागून ठेवायचे. शेडमध्ये आधी कुणाला काही कळेना. मग पदराआड हसू फुटलं.

"फौजदार, क्वार्टर गळतंय त्याचं काय?" एकीनं विचारलं.

"गळतंय त्याच्याखाली बादली ठेवता येती, बाई. धरून ठेवलेल्याला काय ठेवता?"

बायका जाताना हसत गेल्या. पुढच्या बैठकीला मी एकटीच होते. मला काम पटलं होतं म्हणून नव्हे. त्यांनी सकाळी दारात येऊन "वहिनी, येताय ना" म्हटलं आणि मला नाही म्हणता आलं नाही. अशी मी मंडळाची सभासद झाले. मंडळात एक अध्यक्ष आणि एक मी.

त्याच दिवसांत अर्चना तापानं पडली. ओटीपोटात कळा. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पितेस? तर ही छताचा पंखा बघत बसली. घरी आल्यावर मी रागावले.

"आई, दिवसभर एका जागी उभं राहायचं. पाणी प्यालं की जावं लागतं. जायचं कुठं? गड्यांचं बरं हाय, त्यांना भिंत दिसली की झालं."

"मग?"

"मग नाय प्यायचं. लई पोरी नाय पीत. सुनीतामॅडमबी नाय प्यायच्या."

तेव्हा तिनं मला सुनीताचं सांगितलं. अजिंठ्याकडची मुलगी. फौजदारांच्याच ठाण्यात होती, त्यांच्या बायकोच्या हातचा डबा खायची. चैत्रातल्या उन्हात बंदोबस्ताला उभी होती. सकाळपासून पाण्याचा घोट नाही. दुपारी उभ्या उभ्या पडली. दवाखान्यात मूत्रपिंडांनी साथ सोडली. आजारानं गेली असं धरलं. ऑक्टोबरात पोलीस स्मृतिदिनाला मैदानावर परेड होते, नावं वाचतात. त्यात गोळी लागलेले, कुणी मारलेले असे असतात. तिचं नाव नसतं.

मी त्या रात्री अर्चनाच्या उशाशी तांब्या ठेवला आणि भीत राहिले. पण फौजदारांबद्दलचं माझं मत बदललं नाही. देव खरा असला म्हणून पुजारी शहाणाच असतो असं नाही.

देवीच्या विसर्जनाची मिरवणूक जवळ आली. अर्चनाचा बंदोबस्ताचा पॉइंट सिटी चौकाच्या बाजूला लागला, सकाळपासून मिरवणूक संपेपर्यंत. फौजदार आमच्या दारात. "वहिनी, चला. एकटा गडी माणूस संडास मागायला गेला तर लोक पायातलं काढत्यात. तुम्ही बोलू नका. नुसतं उभं राहा."

मी पदर तोंडावर ओढून नुसती उभी राहिले. ते प्रत्येक दारात तेच बोलत. "नमस्कार. माझी लेक पोलिसात हाय. मिरवणुकीला तिचा पॉइंट तुमच्या दारासमोर हाय. तिला एक-दोन बारीला सोय लागंल."

लेक म्हणे. लेक माझी होती. ह्यांना दोन मुलगे. एका दारात बाईनं विचारलं, "काय नाव लेकीचं?" पापणी न लववता म्हणाले, "सुनीता." मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. मेलेल्या पोरीचं नाव सांगून हा माणूस लोकांची दारं उघडून घेतो. बरं, दारं उघडली की आभार मानावेत, तर हे आत जाऊन कडी वाजवून बघणार आणि घरच्या मालकाला ऐकवणार, "स्क्रू बदला." मी रस्त्याकडं बघत उभी राहायचे, ओळखीचं कुणी येऊ नये म्हणून.

अर्चनाच्या पॉइंटच्या अगदी समोर एक मोठं घर होतं, संगमरवरी पायऱ्यांचं. तिथल्या बाईनं जाळीचं दारसुद्धा उघडलं नाही. "मागच्या वर्षी दिलं होतं, काका. मुली नीट होत्या, पण त्यांच्या मागं मिरवणुकीतली पोरं घुसली. सगळी घाण. दुसऱ्या दिवशी आम्ही नाक धरून धुतलं. विचारायलासुद्धा कुणी आलं नाही. आता नाही."

फौजदारांची शिट्टी, मिशी, सफारी, कशाचाच उपयोग झाला नाही. त्यांनी एकदाच म्हटलं, "माझ्या लेकीला..." आणि आतलं लाकडी दारही लागलं. ते पायरीवर तसेच उभे. त्या बाईचं एक वाक्य ते रस्ता ओलांडेपर्यंत घोळवत होते. "विचारायलाबी कुणी आलं न्हाई. खरं हाय त्यांचं."

पलीकडच्या बोळात एक वयस्क मुसलमान बाई राहतात, सगळे त्यांना खाला म्हणतात. जुनं घर, मध्ये छोटंसं अंगण, तिथं बाजेवर बसून त्या लसूण सोलत होत्या. फौजदारांचं अर्धं वाक्य ऐकूनच म्हणाल्या, "पुलिस की बच्ची है? तो पूछने का क्या है? आओ, बाहर कायको खडे?"

"आधी सोय दाखवा," फौजदार म्हणाले.

ते आत कडी वाजवत होते तेव्हा खालांनी मला हळूच विचारलं, "ये कौन हैं? मुन्शिपाल्टी के हैं क्या?"

मिरवणूक झाली. अर्चना घरी आली ती पायातले बूट सोडायच्या आधीच म्हणाली, "आई, आज मी तांब्याभर पाणी प्याले." बोळात पोरींची रांग होती म्हणे. खाला दारात काठी घेऊन बसल्या होत्या, रिकामी पोरं आत येऊ नयेत म्हणून. निघताना तिला खिचडीचा डबाही दिला होता. मला किती दिवसांनी नीट जेवण गेलं.

स्मृतिदिन त्या वर्षी लगेच दुसऱ्याच दिवशी आला. अर्चना पहाटेच परेडला गेली. मीही मैदानावर जायला निघाले, वाटेत खालांचा डबा परत द्यायचा होता. फौजदारांच्या दाराला कुलूप होतं. गेले असतील पुढची खुर्ची धरायला, मी मनात म्हटलं. निवृत्तांसाठी मंडपात वेगळ्या खुर्च्या असतात, आणि मानवंदनेचं एवढं वेड असलेला माणूस मागं कसा बसेल? बायकांचे गुडघे मोडून ज्यानं आम्हाला उभं केलं, त्याला आज मोठा मंडप मिळाला होता.

खालांच्या अंगणात खुंटीला मातकट सफारी टांगलेली होती. आतून खराट्याचा आवाज येत होता.

खाला डोक्यावरची ओढणी सारखी करत उभ्या होत्या. "मेरे को तो शरम आ री, बाई. मैं बोली, साब, मैं धो लेती. सुनतेच नै. सुबे से दो घर के संडास धो के इधर आए. बोले, मेरी बेटी के वास्ते तुम दरवाजा खोले, तो धोना मेरा काम." मग म्हणाल्या, "कल इत्त्या बच्च्यां आए. उसमें सुनीता कौनसी थी?"

मी डबा त्यांच्या हातात दिला. "थी, खाला," मी म्हणाले. "उसीमें थी."

मी आत डोकावले. फौजदार बनियनवर उकिडवे बसले होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. कोपरापर्यंत फेस. मिशीचा रंग घामानं हनुवटीवर उतरला होता. पाटलाघरच्या ह्या माणसाला खराटा धरता येत नव्हता. तो दोन्ही हातांनी, कुदळ धरावी तसा धरला होता. कोपरे मात्र एकही सोडत नव्हते. मला बघून ते लाजले नाहीत, थांबलेही नाहीत.

तेवढ्यात मैदानाकडून बंदुकांच्या फैरींचा आवाज आला. अंगणातली कबुतरं उडाली. मला वाटलं, आता हे उठणार. खराटा खांद्याला लावून सावधानमध्ये उभे राहणार, आणि मलाही इथं संडासाच्या दारात उभं राहावं लागणार. मी पदर सारखा केला.

ते उठले नाहीत. मान वरसुद्धा केली नाही.

"फौजदार," मी म्हणाले, "सलामी चाललीय."

"ऐकू आलं." खराटा चालूच होता. "सुनीताचं नाव नाय घेत तिथं."

दुसरी फैर झाली. त्यांनी कोपऱ्यातून फेस पुढं ओढला आणि भरलेल्या बादलीकडं बोट केलं.

"खाली निसरडं हाय, वहिनी. आत येऊ नका. तिथूनच पाणी टाका."

मी टाकलं.