नदीतली हजेरी

खैरटोल्याच्या शाळेत अठरा पोरं होती आणि वरच्या कार्यालयाच्या नियमाला वीस लागत. म्हणून शाळा बंद करून पोरांना पलीकडच्या गावात पाठवायचा हुकूम निघाला. नकाशावर अंतर फक्त दीड किलोमीटर. मधे नदी वाहते आणि पुलावरून गेलं तर चौदा किलोमीटर पडतात, हे नऊशे किलोमीटरवर बसून कुणाला दिसणार?

"सर, सायबायले नदी नाई दिसत का?" शाळा समितीच्या अध्यक्ष सुगंधाबाईंनी विचारलं. त्यांची नात पुनम दुसरीत होती.

"दाखवा लागते, बाई. अडचणीच्या जागेवरून फोटो पाठवा म्हणते कार्यालयाचं ॲप," प्रफुल मास्तर म्हणाले.

मास्तर सरळ माणूस. गावचा नावाडी लालसू याच्या डोंग्यात, म्हणजे लहान लाकडी होडीत, बसून भर नदीत गेले, दोन्ही काठ दिसतील असा फोटो काढला आणि पाठवला. ॲपने आभार मानले आणि शाळेची नोंदलेली जागाच उचलून नदीच्या मधोमध नेऊन ठेवली. ती दुरुस्त करायचा अधिकार मास्तरांना नाही, तालुक्याला नाही, जिल्ह्यालाही नाही. सगळं वरून.

हजेरी मात्र पोरांच्या फोटोसकट शाळेच्या जागेवरूनच लागायची. वर्गात उभं राहिलं की ॲप सांगे, आपण शाळेबाहेर आहात. सात दिवस हजेरी चुकली की पटसंख्या शून्य. मग रोज सकाळी सहा-सहा पोरं डोंग्यात, अशा तीन खेपा. साडेअकरापर्यंत फळ्याला खडू लागत नसे. पोरांनी शिकावं की वल्ही मारावीत? मास्तरांनी सहा अर्ज धाडले.

महिन्याने उत्तर आलं. मास्तरांनी नदीकाठीच वाचून दाखवलं: "आपली शाळा नदीपात्रात असल्याने पलीकडील शाळेचे अंतर निम्मे झाले आहे. सबब समायोजन सोमवारी पूर्ण करावे."

सुगंधाबाईंचा चेहरा रागाने लाल झाला. त्या लालसूकडे वळल्या.

"भाऊ, डोंगा बांधून ठेव. सोमवारपासून शाळा आपल्या वर्गातच भरन."

"अन् हजेरी?" मास्तर चाचरले.

"ज्यायले पाह्यजे, त्यायनं नदीत उतरून घ्यावी."

सोमवारी मास्तरांनी फोन बंद करून कपाटात टाकला, जुनं कागदी हजेरीपत्रक काढलं आणि नावं पुकारली. अठराही पोरं हजर होती. वरच्या कार्यालयात त्याच दिवशी शाळा बंद झाल्याची नोंद झाली, तेव्हा वर्गात पुनम साताचा पाढा म्हणत होती.