चुडामणचा उजेड

चित्रपटाला कथा लागते, असा समज लग्नाचं शूटिंग कधी न केलेल्या लोकांत आढळतो. जाणकारांच्या मते चित्रपटाला चेहरे लागतात, आणि ते सगळे लागतात.

नरडाण्याचा चुडामण हा या शास्त्रातला अधिकारी माणूस. अर्धी उमर त्याने लग्नं टिपली. पंगत बसली की त्याचा कॅमेरा पहिल्या ताटापासून शेवटच्या ताटापर्यंत सरके. जेवणारा घास हातात धरून थांबे आणि कॅमेरा पुढे गेला की मग खाई. (वरण गार होण्याशी याचा संबंध असावा, अभ्यास झालेला नाही.) चेहरा सुटला की नातं तुटे, म्हणून तो कोणालाच सोडत नसे.

असा माणूस दिग्दर्शक झाला तो एका दृश्यापायी. सावद्याच्या केळीबागेत सकाळचं ऊन पानांतून हिरवं होऊन उतरतं, आणि त्या उजेडातून नायिका काही न बोलता चालत जाते. एवढंच. उरलेला पिक्चर त्याने या दृश्याला सोबत म्हणून जमवला.

त्यातल्या लग्नाला गावाने फुकट गर्दी पुरवली. गावाच्या लेखी मात्र ती गर्दी नव्हती. गाव लग्नाला आलं होतं. नायकाला टॉवेल-टोपी चढली, नायिकेची ओटी भरली गेली. नायकाच्या खऱ्या बायकोला हे कळल्यावर जे झालं, ते पिक्चरमध्ये नाही.

पिक्चर तयार झाल्यावर चुडामणने तो आधी घरी दाखवला. बायकोचे मामा प्रेमराज नाना शेवटपर्यंत पडद्यावर स्वतःला शोधत बसले.

"जवाईबापू, बठ्ठा गाव दिखनं. मी कोठे शे?"

"नाना, तुम्ही हात धवाले गयथात."

"आनि त्या केळीसले इतला येळ दिधा. केळी काय आहेर लिसन उनथ्यात?"

केळींनी काही आहेर आणलेला नव्हता, आणि याला चित्रपटशास्त्रात उत्तर नाही. नाना पडद्यावर नाहीत तर गाव थिएटरात नाही, आणि गाव नाही तर धुळ्याचं थिएटर एक खेळसुद्धा द्यायला तयार नव्हतं. चुडामणने नाना घातले. मग तशाच सुटलेल्या पहूरच्या कमलबाई घातल्या, मग त्यांचे व्याही. लांबी वाढू नये म्हणून आधी खलनायक काढला (कोणाच्या लक्षात आलं नाही), मग नायिकेचे आईवडील, मग ते का रागावले होते ते. शेवटी केळीबाग तेवढी उरली. ती कापायला त्याचा हात उठेना.

"कापू नका," बायको रत्ना म्हणाली. "मामालाच त्यातून चालवा."

धुळ्यात पहिला खेळ भरला. पडद्यावर हिरवा उजेड उतरला, आयुष्यभर मनात होता तसाच. त्यातून नाना आले. मध्यावर थांबले, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि सोललेलं केळं तोंडाशी धरून कॅमेरा पुढे जाण्याची वाट पाहू लागले. थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. अंधारात चुडामणने डोळे पुसले. आनंदाने, असं सगळ्यांनी ठरवलं.

पिक्चर अजून चालतो आहे. कथा कुठे गेली, असं एकाही प्रेक्षकाने विचारलेलं नाही.

वाचकांना या लोकांचं हसू येणं साहजिक आहे. पण या गोष्टीत नरडाणा आलं, सावदा आलं, पहूरसुद्धा आलं, आणि तुमचं गाव तेवढं आलं नाही, हे तुमच्या केव्हाच ध्यानात आलेलं आहे. कळवा. पुढच्या आवृत्तीत कथानक थोडं कमी करता येईल.