साकेंचा फोटो दिसू नये

घोडे-पैदास संचालनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर वेबसाइट सांभाळणारा बेइबित आपल्या टेबलाशी बसला होता आणि एका टोपीवर मनापासून चिडला होता.

टोपी संचालकांची. संचालक सागिंदिक, पण एवढ्या मोठ्या माणसाचं अख्खं नाव तोंडावर कोण घेणार, म्हणून आदरानं सगळ्यांचे साके. खात्याच्या वेबसाइटवर 'आमचे अधिकारी' असं पान होतं, त्यात पहिला फोटो साकेंचा. कोल्ह्याच्या कातड्याची ही एवढी टोपी घालून काढलेला. टोपीमुळे तो फोटो बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच झाला होता आणि पुढची सगळी रांग दारू पिऊन उभी असल्यासारखी वाकडी दिसत होती.

आणि रांग आजच सरळ व्हायला हवी होती. बेइबितचे उमेदवारीचे तीन महिने आज संपत होते. दुपारच्या जेवणानंतर साके त्याच्या कायम नोकरीच्या कागदावर सही करणार होते. नाही केली, तर उपसंचालक तोलेगेनचा भाचा तयारच होता. तो रोज काही ना काही निमित्त काढून यायचा आणि बेइबितच्या खुर्चीकडे असा बघायचा, जसं गिऱ्हाईक घोड्याचे दात बघतं.

बेइबितने कालच नवा स्टाइलशीट एडिटर घेतला होता. पानावरचा मजकूर एका फाईलीत असतो आणि त्याचे कपडे दुसरीत. हा एडिटर फक्त कपड्यांचा. डावीकडे ओळ लिहा, उजवीकडे पान लगेच नटून उभं. आजवर हेच काम तो साध्या नोटपॅडमध्ये करायचा, म्हणजे अंधारात दाढी केल्यासारखं. आता त्याला आरसा मिळाला होता.

गडबड टोपीचीच आहे का हे तपासायला त्याने एक ओळ लिहिली. अर्थ सरळ होता: पहिला फोटो दिसू नये. साके गायब झाले. बाकीचे सरकून डावीकडे आले, तोलेगेन पहिल्या नंबरावर, आणि रांग अगदी सुतात.

"टोपीच!" बेइबित पुटपुटला. आणि बोटांनी सवयीने सेव्ह दाबलं. तिकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे त्याची बोटं दर दोन मिनिटांनी आपोआप सेव्ह दाबायची. मग तो खाली टपरीवर गरम समसा, म्हणजे मटणाचा भाजलेला समोसा, खायला गेला.

वीस मिनिटांनी हात पुसत परत आला, तर दारात राउशान अपाय उभी. राउशान अपाय, म्हणजे राउशानताई, साकेंची सेक्रेटरी. गेली एकोणीस वर्षं तिथं. तिच्या डोळ्यासमोर पाच संचालक आले नि गेले.

"पोरा, दार लाव," ती कुजबुजली. "साके गेले."

"कुठं गेले?"

"कुठं काय विचारतोस! गेले! काढलं त्यांना. साइटवरनं फोटो गेला. तोलेगेन पहिल्या जागी. हे बघ." तिने मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला.

बेइबितने तेलकट बोटांनी मोबाईल जवळ ओढला.

"अपाय, अहो, फोटो काय, तो..."

"मागच्या संचालकाचा फोटो मंगळवारी गेला नि कागद शुक्रवारी आला. आमच्याकडे आधी फोटोच जातो. मला नको शिकवू." मग तिने त्याच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "वरून तुला फोन आला असेल ना? कोणाचा होता? बरं, नको सांगूस. तुला पोरंबाळं आहेत."

ती गेल्यावर बेइबितने एडिटर उघडला. खाली कोपऱ्यात एक चौकट होती: 'सेव्ह होताच थेट सर्व्हरवर पाठवा.' चौकटीत बरोबरची खूण. सकाळी सगळ्या चौकटींत खुणा करत सुटला होता, त्यातलीच ही एक. त्याने ती ओळ पुसली, सेव्ह केलं, पान पुन्हा उघडलं. साके टोपीसकट जागेवर. त्याने एवढा मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद हलले.

तेवढ्यात मोबाईल वाजला. ऑफिसच्या ग्रुपवर, बेचाळीस माणसांत, राउशान अपायने टिपलेलं पान पडलं होतं. खाली एकच शब्द: 'देवा!' त्याच्याखाली एकेचाळीस माणसांचं मौन. ग्रुपवर साके तेवढे नव्हते. संचालकाला ग्रुपवर घ्यायचं नाही हा ग्रुपचा एकमेव नियम.

वेबसाइट सुधारता येते. मोबाईलवर टिपलेल्या चित्राला कुठला एडिटर सुधारणार?

तो जिन्यावरून धावत अपायकडे गेला. "अपाय, बघा बघा, फोटो परत आलाय!"

अपायने पाहिलं आणि दु:खाने मान हलवली. "परत लावला? म्हणजे प्रकरण फार वाईट आहे रे. हातात कागद पडेपर्यंत त्यांना संशय येऊ नये म्हणून लावलाय."

आपण केलं म्हणावं, तर नोकरी जाते. गप्प बसावं, तर दोन तासांनी सही करणाऱ्याच्या सहीला किंमत राहत नाही. त्याच वेळी साकेंचा चहा आत चालला होता. पियाला, म्हणजे चहाची बिनकानाची वाटी, काठोकाठ भरलेला होता. तिकडच्या रीतीने अर्धा पियाला म्हणजे बसा, अजून ओतते. काठोकाठ म्हणजे प्या आणि उठा. एकोणीस वर्षांत अपायने कुठल्या संचालकाला भरलेला पियाला दिला असेल, तर तो त्याच्या शेवटच्या दिवशी.

दुपारी पहिल्या कुमिसचं जेवण होतं. वसंतात घोड्या दूध द्यायला लागल्या की त्या आंबवलेल्या दुधाचा, म्हणजे कुमिसचा, पहिला घडा ऑफिसात येतो, मेंढी कापतात, सगळे एका लांब टेबलाला बसतात. शिजवलेलं मेंढीचं डोकं सगळ्यांत मोठ्या माणसासमोर जातं. गेली चार वर्षं ते साकेंसमोर जात होतं. साकेंनी बाह्या वर केल्या, खिशातून स्वतःचा छोटा चाकू काढला, आणि बसल्या बसल्या पुढे झुकले.

अपाय परात घेऊन आली. साकेंच्या पाठीमागून गेली. परात तोलेगेनसमोर ठेवली.

टेबलावर कुणी घास चावेना.

"छे, छे, मला कशाला?" तोलेगेन म्हणाला, आणि म्हणता म्हणता डोक्याचा एक गाल कापून मोकळा झाला.

साकेंनी चाकू हळूच मिटला. चेहरा कुमिससारखा पांढरा झाला होता. त्यांनी टेबलभर नजर फिरवली, पण प्रत्येकाला आपापल्या ताटात काहीतरी फार महत्त्वाचं सापडलं होतं. शेवटी नजर बेइबितवर थांबली.

"तू. ये माझ्याबरोबर."

खोलीत शिरताच साकेंनी आतून कडी लावली. बायकोला काय सांगायचं याची वाक्यं बेइबित मनात जुळवायला लागला.

"खरं सांग," साके एकदम बारीक आवाजात म्हणाले. "तू कॉम्प्युटरवाला, तुला आधी कळतं. कागद आलाय का? करड्या घोड्यामुळे ना?"

"कुठला... करडा घोडा?"

"अरे, खात्याचाच! माझ्या गावी आहे तो. मी चोरला नाही, फक्त... उन्हाळ्यापुरता म्हणून नेला होता. दोन उन्हाळे झाले." त्यांनी कपाळ पुसलं आणि फोन उचलला. "मीच वर फोन करतो. पाय धरतो. सगळं कबूल करतो. आपणहून सांगितलं तर निदान पेन्शन तरी ठेवतील."

त्यांचं बोट नंबरावर फिरायला लागलं. बेइबितच्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं: वरचे विचारणार, कसला फोटो? मग चौकशी, मग चौकट, मग खूण.

"साके, ठेवा!" तो ओरडला. "मी केलं! तुमची टोपी फार उंच आहे हो! रांग वाकडी होत होती, म्हणून मी तुम्हाला लपवलं. फक्त बघायला! आणि चुकून सेव्ह झालं!"

साकेंनी फोन ठेवला.

"म्हणजे वरून काहीच नाही?"

"काहीच नाही, साके."

"आणि तोलेगेनने ते डोकं फुकट खाल्लं?"

"जीभसुद्धा खाल्ली असेल आतापर्यंत."

साके उठले, खिडकीपाशी गेले, तिथूनच ड्रायव्हरला फोन केला आणि करडा घोडा आजच्या आज तबेल्यात आणायला सांगितलं. मग वळले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी नवीन चमकत होतं, आणि बेइबितला त्याची आधीच्या सगळ्यापेक्षा जास्त भीती वाटली.

"तो एडिटर माझ्या कॉम्प्युटरवर टाक. आणि कुठं काय लिहायचं ते दाखव. सावकाश. मी एका बोटाने टाइप करतो."

"आणि साके, माझा कागद?"

"उद्या बघू."

त्या रात्री बेइबितने नुसती कूस बदलली. सकाळी धावतपळत ऑफिसात आला. कॅन्टीनच्या दारात अपायने एक शब्द न बोलता त्याच्या हातात पियाला दिला. काठोकाठ भरलेला. चहा बोटांवर सांडला तेव्हा त्याला चटका कळला नाही, अर्थ कळला.

त्याने तिथंच उभ्या उभ्या मोबाईलवर साइट उघडली. साके टोपीसकट जागेवर. तोलेगेन जागेवर. पण पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असायची, 'वेबसाइट: बेइबित', तेवढी गायब.

तो तसाच साकेंच्या खोलीत घुसला. "साके, माझं नाव!"

"एका बोटाने केलं," साके अभिमानाने म्हणाले. टेबलावर त्याचा कागद होता, ठसठशीत सही केलेला. त्यांनी तो पुढे सरकवला. "घे. कायम झालास. नाव आठवड्याने लावतो. काल मला कळलं, माझ्या डोक्यावर कोणाचा डोळा आहे. तुलाही कळू दे की."

बेइबितने कागद छातीशी धरला. गुणगुणतच तो आपल्या खोलीकडे गेला आणि दार ढकललं.

त्याच्या खुर्चीत तोलेगेनचा भाचा बसला होता. खुर्ची स्वतःच्या मापाने उंच करून घेतलेली. आणि समोर वाफाळता पियाला, अर्धाच भरलेला.