चुरीकाकांची मंडळी

चुरीकाकांच्या खोलीत पंखा लावायचा नाही, पाय आपटायचा नाही, शिंक आली तर बाहेर जायचं. टेबलावर एक पातेलं उपडं घातलेलं आणि त्याखाली पातळ काचेवर दुधासारखा एक थेंब वाळत असायचा. सहा-सहा दिवस. विचारलं की उत्तर एकच : "मंडळी बसतायत."

नव्वदच्या आसपास बोईसरला मी त्यांच्या शेजारी भाड्याने राहत होतो. काका इमल्शनच्या, म्हणजे भिंतींच्या रंगात पडणाऱ्या दुधाळ चिकाच्या, कारखान्यात केमिस्ट. त्या थेंबात म्हणे डोळ्यांना न दिसणारे गोळे असतात. "सगळे एका मापाचे पायजेत. मग आपोआप पंगत धरतात. एक जाडा घुसला की मोडली." पंगत नीट बसली की रंगाचा कणही न घालता थेंब रंगीत होतो, रांगांवरून उजेड परततो, तोच रंग. गोळे लहान तर निळा, मोठे तर लाल; आणि तिरकं बघितलं की लालही हिरवा दिसतो.

मला या कौतुकाला वेळ नव्हता. एका डाय कारखान्याचा नाला उघड उघड लाल वाहत होता आणि त्याविरुद्धच्या आमच्या निवेदनावर एकाही केमिस्टची सही नव्हती.

"रविवारपर्यंत थांब रे. मंडळी बसू दे."

"तुमच्यासारखे शिकलेले गप्प बसतात म्हणून हे नाले वाहतात," म्हणत मी टेबलावर मूठ आपटली.

पातेलं घसरलं. ओला थेंब ढवळून पांढराफटक झाला.

काका रागावले नाहीत. "रविवारी हिच्या भाचीचं लग्न हाय, सफाळ्याला. ही मांडवात येणार नाय म्हणते."

काकूंनी त्याच डाय कारखान्यात सात वर्षं रंगाच्या पुड्या भरल्या होत्या. कातडी अशी बिघडली, की कुंकू लावलं तरी फोड यायचे. काम सुटल्यापासून तीन वर्षं त्या माहेरी, सफाळ्यालाच होत्या. "उघडं कपाळ बघून बायका हिला विचारतात, नवरा हाय ना गो?"

मी पातेलं उचलून बाजूला ठेवलं. थेंबाचा काठ मात्र आधीच वाळला होता, लाल. काकांनी तेवढीच काच हरभऱ्याच्या डाळीएवढी कापली, रंग उठावा म्हणून मागे काजळी धरली आणि कपाळाला चिकटावी म्हणून काजळीवर मेण लावलं.

रविवारी काकू मांडवात बसल्या; मीही गेलो होतो.

"गो, तुझं कुंकू हिरवं झालं," एक म्हातारी म्हणाली.

"मान वाकवली की होतं, मावशी," म्हणत काकूंनी मान ताठ केली. मग माझं निवेदन मागून घेतलं आणि कागद डोळ्यांसमोर उभा धरून सही केली. "पुड्या मी भरल्या. माझी घे."

काका जेवायलाही उठले नाहीत. जिथून ते कुंकू लाल दिसत होतं, त्या खुर्चीवर बसून होते.